कोरोनानंतर एसजीपीटी वाढलं म्हणजे लिव्हर गेलं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि सोबतचे आकडे पण नीट बघितले. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. तुम्ही कळव्याला राहता, मिस्टरांचं वय ४६, वजन ९२ किलो, शुगरची एक गोळी रोज चालू. अडीच आठवड्यांपूर्वी ताप-खोकला आला, कोरोना पॉझिटिव्ह निघाला, ऑक्सिजन कधी ९६च्या खाली गेला नाही, घरीच बरे झाले. नंतर ऑफिसच्या चेकअपमध्ये एसजीपीटी १३८, एसजीओटी ९६, बिलिरुबिन ०.९ आणि सोनोग्राफीत ग्रेड टू फॅटी लिव्हर. सासूबाई सकाळ-संध्याकाळ गुळवेलीचा काढा देतायत, मेडिकलवाल्याने लिव्हर टॉनिकची बाटली दिलीय, आणि नात्यातल्या कुणीतरी सांगून ठेवलंय की कोरोना लिव्हर खाऊन टाकतो. तुम्हाला विचारायचंय की हे कोरोनानेच झालं का, कायमचं आहे का, आणि टॉनिक किती दिवस द्यायचं.

मी पोटाच्या आणि लिव्हरच्या आजारांचा डॉक्टर आहे, ठाण्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, कोरोनाच्या लाटांमध्ये वॉर्डमध्ये पण होतो आणि नंतर ओपीडीत असे रिपोर्ट घेऊन येणारे पेशंट तर अजूनही येतात. आधी तुमची झोप लागावी म्हणून सरळ सांगतो, तुमच्या मिस्टरांचं लिव्हर गेलेलं नाही. आणि दुसरं असं की माझ्या मते या रिपोर्टमध्ये कोरोनाचा हात सगळ्यात कमी आहे, जास्त हात आहे तो आधीपासून लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचा, आणि संशय घ्यायचाच असेल तर तो काढ्यावर घ्या. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो कारण हाच गोंधळ शंभर घरांमध्ये आहे.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही लिव्हरच्या पेशींमधली एन्झाइम्स आहेत. पेशी दुखावल्या की ती रक्तात गळतात आणि आकडा वाढतो. म्हणजे आकडा सांगतो की पेशींना त्रास होतोय, लिव्हर काम किती करतंय हे तो सांगत नाही. काम बघायचं असेल तर बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ म्हणजे पीटी-आयएनआर बघायचं. एसजीपीटी ३०० आणि आयएनआर १ असलेला माणूस मला काळजीत टाकत नाही, पण एसजीपीटी ६० आणि आयएनआर २ असलेला, पोट फुगलेला, जरा गुंगीत बोलणारा माणूस आला तर मी त्याला घरी पाठवत नाही. लोक नेमकं उलटं करतात, लाल अक्षरात छापलेल्या आकड्याला घाबरतात आणि खालच्या ओळीतलं अल्ब्युमिन कुणी वाचतच नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिन नॉर्मल आहे ही चांगली गोष्ट आहे, अल्ब्युमिन आणि आयएनआर दिसत नाहीये, ते करून घ्या.

आता कोरोना लिव्हरला नेमकं काय करतो. २०२० च्या सुरुवातीला चीनमधून जे पहिले रिपोर्ट आले त्यात ऍडमिट पेशंटपैकी १४ ते ५३ टक्के लोकांचे एन्झाइम्स वाढलेले दिसले होते, आणि तेव्हा सगळ्यांचेच कान टवकारले, कारण २००३ च्या सार्समध्येही बऱ्याच पेशंटमध्ये लिव्हरवर परिणाम दिसला होता. त्यातल्या एका मोठ्या अभ्यासात १०९९ पेशंट होते, त्यात एसजीओटी वाढलेले साधारण २२ टक्के होते, पण आजार गंभीर असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ३९ टक्के आणि सौम्य असलेल्यांमध्ये १८ टक्के. हा फरक लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. फुफ्फुस जितकं आजारी तितकं लिव्हर दुखावलेलं. म्हणजे लिव्हर इथे बहुतेक वेळा स्वतःहून आजारी पडत नाही, अख्ख्या शरीरात जो गोंधळ चाललाय त्याची झळ त्याला लागते.

व्हायरस पेशीत शिरतो तो एसीई-टू नावाच्या रिसेप्टरमधून. लिव्हरच्या मुख्य पेशींवर हा रिसेप्टर फार थोडा असतो, पित्तनलिकांच्या आतल्या पेशींवर तो बराच जास्त असतो. त्यामुळे सुरुवातीला वाटलं होतं की पित्त अडकल्यासारखा पॅटर्न दिसेल, अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढेल, कावीळ होईल. पण वॉर्डात तसं फारसं दिसलं नाही. दिसलं ते एसजीओटी-एसजीपीटी दुपटी-तिपटीपर्यंत वाढलेलं, त्यातही एसजीओटी जास्त, आणि पेशंट सुधारला की काही आठवड्यांत आपोआप खाली. ज्यांचं लिव्हर मृत्यूनंतर तपासलं त्यांच्यातही व्हायरसने लिव्हर जाळून टाकलंय असं चित्र नव्हतं, चरबीचे थेंब, हलकी सूज आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या असं दिसलं. गंभीर पेशंटमध्ये ऑक्सिजन कमी पडतो, बीपी पडतं, सायटोकाइन्सचा म्हणजे सूज वाढवणाऱ्या रसायनांचा पूर येतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला की लिव्हरमध्ये रक्त तुंबतं, या सगळ्याची बेरीज म्हणजे तो वाढलेला आकडा. बीपी अगदी पडलेल्या पेशंटमध्ये एसजीओटी एकदम तीन-चार हजारावर जातं आणि बीपी सावरलं की दोन-तीन दिवसांत झपाट्याने उतरतं, असा चढ-उतार दिसला की कारण कळतं, त्यासाठी वेगळं औषध द्यावं लागत नाही, बीपी आणि ऑक्सिजन सांभाळायचा.

एक बारीक मुद्दा, एसजीओटी फक्त लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंमध्येही असतं. कोरोनात अंग कसं दुखायचं ते ज्याला झालाय त्याला सांगायला नको, काही जणांच्या स्नायूंना खरोखर सूज येते, आणि मग एसजीओटी वाढतं पण ते लिव्हरचं नसतं. अशा वेळी सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची टेस्ट, करून घेतलं की उलगडा होतो. जिममध्ये आदल्या दिवशी जोरात व्यायाम केलेल्या पोरांचं पण असंच होतं, तो वेगळा विषय.

आता तुमच्या मिस्टरांच्या रिपोर्टकडे या. ऑक्सिजन कधीच खाली गेला नाही, म्हणजे वर सांगितलेलं जे तुफान असतं ते त्यांच्या शरीरात झालंच नाही. कोरोनात सहसा एसजीओटी वरचढ असतं, यांच्यात एसजीपीटी वरचढ आहे, १३८ विरुद्ध ९६. एसजीपीटी वरचढ, वजन ९२, शुगर, सोनोग्राफीत चरबी, हे चित्र आम्ही रोज बघतो आणि ते फॅटी लिव्हरचं असतं. सोनोग्राफीत ग्रेड टू दिसणारी चरबी दोन-अडीच आठवड्यांत साठत नाही ताई, ती काही वर्षांची आहे. फक्त आधी कुणी तपासलंच नव्हतं. यांचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा रिपोर्ट घरात असेल, कंपनीच्या मेडिकलचा, इन्शुरन्सचा, कुठलाही, तो शोधा. त्यात तेव्हाच एसजीपीटी ७०-८० असेल तर प्रश्न मिटला. हे जुने कागद म्हणजे माझ्यासाठी सोनं आहे, नवीन महागड्या टेस्टपेक्षा जुना एक कागद जास्त सांगतो.

कोरोनाच्या काळात एक गोष्ट झाली, छातीचा एचआरसीटी ज्याने त्याने काढला. त्या स्कॅनमध्ये लिव्हरचा वरचा भाग येतोच येतो. निरोगी लिव्हर स्कॅनमध्ये प्लीहेपेक्षा जरा उजळ दिसतं, चरबी भरली की गडद दिसतं. फुफ्फुसाचा स्कोअर २५ पैकी किती एवढंच सगळे वाचायचे, पण त्याच फिल्मवर कित्येकांचं फॅटी लिव्हर समोर दिसत होतं. घोडबंदर रोडच्या टॉवरमधली पस्तिशीची आयटीवाली मुलं, घणसोली-ऐरोलीच्या बीपीओमध्ये नाइट शिफ्ट करणारी मुलं, दिवसभर बसून काम, रात्री अकराला ऑर्डर केलेलं जेवण, यांची लिव्हर त्या स्कॅनमध्ये बघून मला फुफ्फुसापेक्षा जास्त वाईट वाटायचं. कारण फुफ्फुस बहुतेकांचं बरं झालं, लिव्हरकडे परत कुणी बघितलंच नाही. आणि जाडी, शुगर, फॅटी लिव्हर हे तिघं एकत्र असले की कोरोना जास्त अंगावर येतो हे पण आपण बघितलं.

औषधांचा भाग. इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण लिव्हरला इजा करणाऱ्या गोष्टींपैकी हीच एक अशी आहे जी पूर्णपणे आपल्या हातात आहे. पॅरासिटामॉल चांगलं औषध आहे, तापाला तेच घ्यावं, पण मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची हद्द आहे आणि जो रोज पितो किंवा ज्याचं लिव्हर आधीच खराब आहे त्याने २ ग्रॅमच्या वर जाऊ नये. ६५०च्या सहा गोळ्या म्हणजे ३.९ ग्रॅम. त्यात लोक सर्दीची गोळी वेगळी घेतात, अंगदुखीची वेगळी घेतात, आणि त्या दोन्हींमध्ये पण पॅरासिटामॉल असतं हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कोण वाचतं. वर दोन दिवस पोटात काही नाही, उपाशी माणसाचं लिव्हर पॅरासिटामॉल नीट पचवू शकत नाही. म्हणून गोळ्या मोजा, आणि सगळ्या पट्ट्या उलट्या करून वाचा.

ऍडमिट पेशंटमध्ये रेमडेसिव्हिर द्यायच्या आधी आणि देताना एलएफटी म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी बघावी लागते, एन्झाइम्स पाचपटीच्या वर असतील तर आपल्याकडच्या प्रोटोकॉलमध्ये ते द्यायचंच नाही असं होतं. एप्रिल २०२१ मध्ये त्या इंजेक्शनसाठी लोक ठाणे-कल्याण-पनवेल असे रात्रभर फिरत होते, ते आठवलं की अजून पोटात कालवतं, कारण त्यातल्या कित्येक पेशंटना त्याची गरजच नव्हती. फॅविपिराव्हिर, लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर, टोसिलिझुमॅब, सगळ्यांनीच थोडंफार एसजीपीटी वाढतं. ऍझिथ्रोमायसिनने क्वचित पित्त अडकल्यासारखी कावीळ होते. एकेकटं औषध बहुतेक वेळा काही करत नाही, पण एका पेशंटला पाच दिवसांत आठ औषधं गेली की मग वाढलेला आकडा नेमका कुणाच्या खात्यात टाकायचा हे कुणीच सांगू शकत नाही. घरी बऱ्या होणाऱ्या माणसाला तर एवढ्या औषधांची गरजच नसते. तुम्ही मिस्टरांच्या औषधांची नावं दिली नाहीत, ती सगळी पाकिटं जपून ठेवा.

आता काढा. सासूबाईंनी जे केलं ते मायेनं केलं, त्यांना घरात कुणी बोलू नका हे आधी सांगतो. पण गुळवेल आजपासून बंद करा. २०२१ मध्ये मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी ६ पेशंटची माहिती छापली, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातले, सगळे इम्युनिटी वाढावी म्हणून गुळवेल घेत होते आणि कावीळ होऊन आले. त्यानंतर देशातल्या १३ सेंटर्सनी मिळून ४३ पेशंट छापले. यातल्या बऱ्याच जणांमध्ये लिव्हरची बायोप्सी ऑटोइम्यून हेपेटायटिससारखी दिसत होती, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच लिव्हरवर उलटलेली. गुळवेल इम्युनिटी चाळवते म्हणूनच लोक घेतात ना, मग ज्याच्या शरीरात हा ऑटोइम्यूनचा कल आधीच लपलेला आहे त्याच्यात ती चाळवणी महागात पडू शकते. ज्यांना थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास आहे, सोरायसिस आहे, अशांनी तर विशेष जपायला हवं. आयुष मंत्रालयाने तेव्हा यावर आक्षेप घेतला, त्यांचं म्हणणं होतं की गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची भेसळ झाली असेल. पण मी तुम्हाला व्यवहाराचं सांगतो, तुमच्या घरातली वेल कुठली हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. सोसायटीच्या कंपाउंडवर चढलेली तोडून आणलेली असते किंवा स्टेशनबाहेरून पावडरचं पाकीट आणलेलं असतं. किती घातली, किती उकळली, कशाचं माप नाही. तापाच्या गोळीचा डोस आपण मोजतो आणि काढ्याचा मोजत नाही, का तर तो झाडाचा आहे. लिव्हरला झाड आणि कारखाना यातला फरक कळत नाही, पोटातून आलेली प्रत्येक गोष्ट त्यालाच निस्तरावी लागते.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या शेजारीच एक वैद्य बसतात आणि आम्ही एकमेकांकडे पेशंट पाठवतो. त्यांनाही नाडी न बघता, प्रकृती न बघता, महिनोन् महिने घरोघरी चाललेले हे काढे पटत नाहीत. आणि ज्याचे एन्झाइम्स आधीच वाढलेले आहेत अशा माणसाने तर कुठलंही अनोळखी चूर्ण, काढा, जिममधली पावडर, वजन कमी करायचं कॅप्सूल घेऊच नये. लिव्हर टॉनिकचंही तेच. त्या बाटलीने फॅटी लिव्हर बरं झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. नुकसान बहुधा करणार नाही, पण बाटली चालू आहे म्हणून माणूस वजन कमी करत नाही, हे नुकसान मी रोज बघतो.

कोरोना आणि लिव्हर या विषयात खरी भीती कुणाला होती आणि आहे, तर ज्यांना आधीच सिरोसिस आहे, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेलं आहे, त्यांना. २९ देशांतल्या ७४५ लिव्हरच्या पेशंटची माहिती एकत्र करून बघितली होती, त्यात सिरोसिस नसलेल्यांमध्ये मृत्यू ८ टक्के आणि सिरोसिस असलेल्यांमध्ये ३२ टक्के. सिरोसिसमध्येही पायऱ्या असतात, सुरुवातीच्या पायरीवर १९ टक्के, मधल्या पायरीवर ३५ आणि शेवटच्या पायरीवर ५१, म्हणजे दोनातला एक. हे आकडे बहुतेक ऍडमिट झालेल्यांचे आणि लशीच्या आधीचे आहेत, त्यामुळे आज तसंच्या तसं लावू नका, पण उतरंड लक्षात ठेवा. आणि यातले बहुतेक लोक लिव्हर फेल होऊन गेले नाहीत, श्वास बंद पडून गेले. सिरोसिसमध्ये प्रतिकारशक्ती पांगळी असते, आतड्यातले जंतू रक्तात झिरपतात, पोटात पाणी असेल तर फुफ्फुसाला पसरायला जागा नसते, त्यात न्यूमोनिया. म्हणूनच १ मार्च २०२१ ला ४५ ते ५९ वयातल्या आजारी लोकांसाठी लस सुरू झाली तेव्हा त्या आजारांच्या यादीत बळावलेला सिरोसिस पण घेतला होता. कुणाच्या घरी सिरोसिसचा, ट्रान्सप्लांट झालेला, ऑटोइम्यूनसाठी स्टिरॉइड चालू असलेला पेशंट असेल तर त्याने साध्या तापालाही दोन दिवस वाट बघू नये. ट्रान्सप्लांटवाल्यांनी आणखी एक, कोरोनाच्या गोळ्यांमध्ये रिटोनाव्हिर असेल तर ते टॅक्रोलिमसची, म्हणजे नवीन लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून चालू असलेल्या गोळीची, रक्तातली पातळी भयंकर वाढवतं, तुमच्या ट्रान्सप्लांट टीमला फोन केल्याशिवाय ती गोळी तोंडात टाकायची नाही.

आणि एक नुकसान असं झालं जे कुठल्याच एन्झाइममध्ये दिसत नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. दिवा, मुंब्रा, कळवा, इकडे तुर्भे, दिघा, इथले माझ्या माहितीतले कितीतरी सिरोसिसचे पेशंट परळला किंवा सायनला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात दाखवायचे, पोटातलं पाणी काढायला, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावायला. ट्रेन बंद म्हणजे त्यांची ट्रीटमेंट बंद. रिक्षा-टॅक्सीचे पैसे कुठून आणणार. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल, वाशीचं सिडको एक्झिबिशन सेंटर, बाळकुमचं ग्लोबल हब सगळं कोरोनासाठी लागलं, ते लागायलाच हवं होतं, पण रक्ताच्या उलट्या होऊन जे उशिरा आले ते कोरोनाच्या यादीत कधी आलेच नाहीत. ज्यांची दारू लॉकडाऊनमध्ये वाढली त्यांची गोष्ट तर वेगळीच, तिथे एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट असतं आणि जीजीटी नावाचं आणखी एक एन्झाइम चढलेलं असतं. तुम्ही मिस्टर घेतात की नाही हे लिहिलं नाही. घेत असतील तर डॉक्टरला खरं सांगायला सांगा, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल, पण खरं सांगायला हवं.

स्टिरॉइडचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या लाटेत स्टिरॉइडने जीव वाचवले, यात वाद नाही. पण ज्याच्या शरीरात हेपेटायटिस बी दबून बसलाय त्याला जास्त दिवस स्टिरॉइड किंवा टोसिलिझुमॅब दिलं तर तो व्हायरस परत उसळी मारतो आणि त्याने खरोखर लिव्हर फेल होऊ शकतं. हेपेटायटिस बी शोधणारी एक एचबीएसएजीची टेस्ट करायला काही फार पैसे लागत नाहीत. २०२१ मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलने कोरोनानंतर लिव्हरमध्ये पूच्या मोठमोठ्या गाठी झालेले १४ पेशंट दाखल केले होते, त्यातल्या बऱ्याच जणांना स्टिरॉइड मिळालेलं होतं. आपल्याकडे लिव्हरमध्ये असा पू करणाऱ्या अमिबाचा त्रास कमी नाही. म्हणून कोरोनात स्टिरॉइड घेतलेल्या माणसाला नंतर परत थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं सुरू झालं तर पोस्ट कोविड अशक्तपणा म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करा.

व्हेंटिलेटरवर अनेक दिवस काढलेल्या थोड्या लोकांमध्ये पित्तनलिका आतून खराब होऊन आकसत गेल्याचं पण दिसलंय. अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलने २०४७ ऍडमिट पेशंटमध्ये असे १२ शोधले, कोरोनानंतर सरासरी चार महिन्यांनी कळलं. तिथे अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढतं, अंगाला खाज येते, कावीळ होते, आणि एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय करून निदान होतं. तुमच्या मिस्टरांचा याच्याशी संबंध नाही, आयसीयूतून आलेल्यांनी मात्र लक्षात ठेवावं.

पावसाळा चालू असेल तर अजून एक सावधगिरी. कोरोना पॉझिटिव्ह आला म्हणजे बाकी आजार रजेवर गेले असं होत नाही. आपल्या पट्ट्यात जून ते ऑक्टोबर डेंग्यू, लेप्टो, हेपेटायटिस ए आणि ई सगळं असतं, कुठे पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी मिसळलं की अख्ख्या चाळीला कावीळ होते. एसजीपीटी हजार-दोन हजार आलं आणि पेशंट बसून बोलतोय तर ते कोरोनाच्या माथी मारू नका, हेपेटायटिस ए-ई तपासा. प्लेटलेट पडलेत आणि एसजीओटी एसजीपीटीपेक्षा खूप जास्त आहे तर डेंग्यू बघा. बिलिरुबिन १५-२० आणि एन्झाइम्स त्या मानाने फारसे वाढलेले नाहीत, लघवी कमी झालीय, पोटऱ्या दुखतायत आणि माणूस गुडघाभर पाण्यातून चालत आलाय तर लेप्टो, आणि त्यात एक दिवस पण घालवायचा नाही. कोरोनामध्ये फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची टेस्ट, वाढतं म्हणून लिव्हरमध्ये लोह साठलंय असा पण अर्थ कुणी लावू नये, ते सूज उतरली की उतरतं.

आता तुम्ही करायचं काय. काढा बंद, टॉनिक बंद, मेडिकलवाल्याने दिलेलं जे काही प्रिस्क्रिप्शनशिवाय आहे ते बंद. शुगरची गोळी बंद करायची नाही, बरेच जण लिव्हरच्या भीतीने तीच आधी सोडतात. तीन आठवड्यांनी पूर्ण एलएफटी परत करा, त्यासोबत आयएनआर, सीबीसी, एचबीएसएजी, हेपेटायटिस सी, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीए१सी. आकडा तेव्हा ७०-८० वर आला आणि तिथेच थांबला तर उरलेलं सगळं चरबीचं धरा. खाली न येता वर गेला, किंवा तीन महिने झाले तरी तिथेच राहिला तर मग एएनए, आयजीजी वगैरे ऑटोइम्यूनच्या टेस्ट कराव्या लागतील आणि गुळवेलीचा इतिहास डॉक्टरला स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

सीबीसी आल्यावर प्लेटलेट, वय आणि दोन्ही एन्झाइम्स यावरून फिब-फोर नावाचा एक हिशोब काढता येतो, कुठलाही फिजिशियन मोबाइलवर मिनिटभरात काढेल. १.३च्या खाली आला तर लिव्हर कडक झालं असण्याची शक्यता कमी. उदाहरणादाखल यांच्या प्लेटलेट अडीच लाख धरल्या तर आकडा साधारण दीडच्या आसपास येतो, म्हणजे घाबरण्यासारखं नाही पण लिव्हर किती कडक आहे ते मोजणारा फायब्रोस्कॅन एकदा करून घ्यावा अशा हद्दीत. मात्र एन्झाइम्स आत्ता आजारामुळे थोडे चढे असतील तर हा हिशोब फसवा येतो, म्हणून तीन आठवड्यांनंतरच्या रिपोर्टवर काढा.

आणि वजन. ९२ किलोतले ७ ते १० टक्के, म्हणजे साडेसहा ते नऊ किलो, सहा-आठ महिन्यांत सावकाश उतरले तर लिव्हरमधली चरबी आणि सूज दोन्ही खरोखर कमी होतात, हे बाटलीने होत नाही. झटपट डाएटच्या मागे लागू नका, फार वेगाने उतरवलं तर पित्ताचे खडे होतात. घरात भात-पोळी बंद करायची गरज नाही, ताटातली निम्मी जागा भाजी-उसळ-कोशिंबिरीला द्या, ऑफिसच्या चहातली साखर आणि संध्याकाळचा वडापाव, फरसाण, कोल्ड्रिंक काढून टाका. कोरोनानंतर दम लागत नसेल तर रोज पाऊण तास भरभर चालणं, पारसिक नगरच्या रस्त्यावर नाहीतर खाडीकडच्या बाजूला, कुठेही. सासूबाईंना काहीतरी करून द्यायचंच असेल तर मुगाचं कढण करू द्या, त्यांचं मनही राहील आणि यांच्या पोटात प्रोटीनही जाईल.

डोळे किंवा लघवी पिवळी झाली, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, पायांवर सूज आली, संडास काळं झालं, नाहीतर माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोपेचं वेळापत्रक उलटं झालं, यातलं काहीही झालं तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एसजीपीटी तिप्पट आणि बिलिरुबिन दुप्पट असं एकत्र आलं तर औषधाने झालेल्या इजेत ती धोक्याची खूण असते, अशा साधारण दहातल्या एकाची गाडी लिव्हर फेल होण्यापर्यंत जाऊ शकते. तुमचं बिलिरुबिन ०.९ आहे, आज तुम्ही त्या हद्दीपासून लांब आहात.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले की जवळच्या एमडी फिजिशियनला किंवा लिव्हरच्या डॉक्टरला दाखवा, जाताना जुने रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, टॉनिकची बाटली आणि गुळवेलीचं पाकीट असेल तर ते पण पिशवीत घेऊन जा.